हिऱ्याचा कागद कोणाच्या सहीचा?

लग्नसराई तोंडावर आली की बचत गटांच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या वाढतात, हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत मात्र त्या मागण्यांत एक नवा शब्द ऐकू यायला लागलाय : लॅबचा हिरा. "ताई, जावयाच्या अंगठीत हिरा हवाय म्हणतात. लॅबचा घेतला तर परवडतो. घेऊ का?" कुणी कानातल्या कुड्यांबद्दल विचारतं, कुणी नाकातल्या चमकीबद्दल. आणि प्रश्न विचारताना बहुतेकींच्या हातात सराफाने दिलेलं एक गुळगुळीत कार्ड असतं. त्या कार्डाला सगळ्याच 'सर्टिफिकेट' म्हणतात.

आज आपण त्या कार्डाबद्दलच बोलणार आहोत. हिरा घ्यावा की घेऊ नये, हे आम्ही सांगणार नाही. ज्याची त्याची हौस, ज्याचा त्याचा खिसा. पण घ्यायचाच ठरला तर तो कागद कुणी दिला, कुणी सही केली, आणि सही करणाऱ्याचा त्या विक्रीत काही वाटा आहे का, हे पाहता आलं पाहिजे. गटाच्या हिशेबाची वही आपण स्वतः लिहितो, पण लेखापरीक्षण बाहेरच्या माणसाकडून करून घेतो. का, ते आपल्याला कुणी वेगळं शिकवायला लागत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू. लॅबचा हिरा म्हणजे खोटा हिरा नाही. हिरा म्हणजे कार्बन, कोळशाचाच भाऊबंद, पण अणूंची रचना अगदी घट्ट. जमिनीखाली शेकडो किलोमीटर खोलवर, प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत तो तयार होतो, आणि खाणीतले बहुतेक हिरे कोट्यवधी वर्षं जुने असतात. तीच गोष्ट माणसाने यंत्रात घडवून आणली. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५४ च्या डिसेंबरात ते करून दाखवलं आणि १९५५ मध्ये जाहीर केलं. ते हिरे बारीक कणांसारखे, कारखान्यात घासकामाला वापरायचे. दागिन्यात शोभतील असे, आणि सामान्य माणसाला परवडतील अशा भावाचे खडे यायला त्यानंतर कितीतरी वर्षं गेली.

आज दोन पद्धती आहेत. एकीत मोठ्या दाबाच्या यंत्रात कार्बनवर निसर्गासारखाच दाब आणि तेराशे अंशांच्या वरची उष्णता देतात. तिला एचपीएचटी म्हणतात. दुसरीत हिऱ्याची एक पातळ चकती, तिला 'सीड' म्हणजे बीज म्हणतात, ती एका बंद पेटीत ठेवतात आणि मिथेन व हायड्रोजन वायू सोडून त्यांना इतकं तापवतात की मिथेनमधला कार्बन सुटून त्या बीजावर थर थर बसत जातो. ही सीव्हीडी पद्धत. बियाण्याला विरजणाची उपमा दिली तर चुकणार नाही, दही लागायला जसं विरजण लागतं तसं हे बीज लागतं. फक्त इथे रात्रभरात काम होत नाही, काही आठवडे लागतात. आपल्या शेजारी सुरतेत नैसर्गिक हिऱ्यांना पैलू पाडण्याचा धंदा जुना आहे, आता तिथेच सीव्हीडीचे कारखानेही उभे राहिलेत. २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या बीजांवरचं आयात शुल्क काढून टाकलं गेलं आणि संशोधनासाठी आयआयटीला पाच वर्षांचं अनुदान जाहीर झालं. म्हणजे हा माल आपल्याकडे आणखी वाढणार, हे धरूनच चाला.

तर लॅबचा हिरा हा हिराच. मग खोटं काय? खोटं आहे ते दुसरंच काहीतरी हिरा म्हणून विकणं. आपण ज्याला अमेरिकन डायमंड म्हणतो तो क्युबिक झिर्कोनिया. त्याचा हिऱ्याशी संबंध फक्त चमकण्यापुरता. दुसरा मोइसनाइट, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. हा जरा हुशार आहे. सराफाकडे पेनासारखं एक यंत्र असतं, टोक खड्याला लावलं की 'टुंक' वाजतं आणि सराफ म्हणतो, "बघा, ओरिजिनल." ते यंत्र खड्यातून उष्णता किती पटकन वाहते एवढंच मोजतं. हिऱ्यातून ती फार वेगाने वाहते. मोइसनाइटमधूनही जवळपास तशीच वाहते, त्यामुळे साधं यंत्र त्यालाही हिरा म्हणून पास करतं. त्याला पकडायला विजेची चाचणीही करणारं यंत्र लागतं.

आता खरी मेख ऐका. ते यंत्र वाजलं आणि खडा खरोखर हिरा निघाला, तरी तो खाणीतला की लॅबमधला, हे त्या यंत्राला कळत नाही. कळणार कसं? दोन्ही कार्बनच. डोळ्याला कळत नाही, दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघितलं तरी सहसा कळत नाही, तीस वर्षं गादीवर बसलेल्या सराफालाही नुसतं बघून छातीठोक सांगता येत नाही. फुंकर मारून वाफ किती वेळ टिकते ते पाहा, पाण्यात टाका, वर्तमानपत्रावर ठेवून अक्षरं दिसतात का बघा, असे जे उपाय मोबाइलवर फिरतात, त्यांनी फार तर काचेचा खडा ओळखता येईल. खाणीतल्या बहुतेक हिऱ्यांत नायट्रोजनचे अणू विशिष्ट रीतीने एकत्र आलेले असतात, लॅबच्या हिऱ्यांत ते तसे नसतात. शिवाय अतिनील प्रकाशात खड्याच्या वाढीची नक्षी वेगळी दिसते. हे बघायची यंत्रं प्रयोगशाळेत असतात. लाखो रुपयांची यंत्रं आणि शिकलेली माणसं.

यात व्यापारीही फसलेत. २०१२ साली अँटवर्पमध्ये आयजीआय या प्रयोगशाळेकडे नैसर्गिक म्हणून तपासायला आलेल्या मालात सहाशेहून जास्त हिरे सीव्हीडीचे निघाले. अँटवर्प म्हणजे बेल्जियममधली हिऱ्यांची जुनी पेठ, तिथले लोक पिढ्यान्पिढ्या हेच करतात. त्यांची ही गत, तर तालुक्याच्या बाजारात शंभर रुपयांचं भिंग घेऊन आपण काय ओळखणार!

आणखी एक गोंधळ इथेच सोडवू, कारण तो आमच्या बैठकींत हमखास होतो. कॅरट हा शब्द दोन ठिकाणी येतो. सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता : २२ कॅरट म्हणजे ९१६, १८ कॅरट म्हणजे ७५०. हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि एका कॅरटचे शंभर सेंट. "तीस सेंटचा खडा" म्हणजे कॅरटच्या तीस शतांशाएवढा. म्हणून "१८ कॅरटची हिऱ्याची अंगठी" असं ऐकलं की अठरा कॅरट सोनं आहे, हिरा नव्हे. अठरा कॅरटचा हिरा राजघराण्यात सापडला तर सापडेल.

आणि हॉलमार्क. हॉलमार्क आपण आता ओळखायला शिकलो, बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, बीआयएस केअर अॅपवर तो क्रमांक टाकून आपण खात्रीही करतो. पण लक्षात ठेवा, तो सगळा कारभार सोन्याचा. त्यात बसवलेल्या खड्याबद्दल हॉलमार्क एक अक्षर बोलत नाही. "हॉलमार्क आहे ना ताई, मग हिरा पण चेक झालेलाच असणार" असं आम्ही कितीदा ऐकलंय. नाही, झालेला नसतो. शिवाय दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही. म्हणजे आपली नाकातली चमकी सोन्याच्या बाबतीतही सुटलेली आणि खड्याच्या बाबतीतही.

मग खड्याबद्दल कोण बोलतं? ग्रेडिंग रिपोर्ट. त्याला आपण सर्टिफिकेट म्हणतो, पण प्रयोगशाळा त्याला रिपोर्ट म्हणतात आणि तो शब्द बरोबर आहे. रक्ततपासणीचा रिपोर्ट असतो तसा तो खड्याचा रिपोर्ट. हा खडा हिरा आहे का, खाणीतला की लॅबमधला, वजन किती, रंग किती पांढरा, आत डाग-भेगा किती, पैलू कसे पाडलेत. रंगासाठी इंग्रजी अक्षरं वापरतात, डी पासून झेड पर्यंत. डी म्हणजे बिनरंगी, पुढे पुढे पिवळसरपणा वाढत जातो. ए, बी, सी कुठे गेले? ही पद्धत अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेने १९५० च्या दशकात बसवली. त्या आधी बाजारात ए, डबल ए, ट्रिपल ए असं जो तो आपल्या मनाने लावत होता. त्या गोंधळाशी नातंच नको म्हणून त्यांनी डी पासून सुरुवात केली. आपल्याकडे काही दुकानांत अजून "ट्रिपल ए क्वालिटी" म्हणतात. म्हणजे ते सत्तर वर्षं मागे आहेत, किंवा आपण तसे आहोत असं त्यांना वाटतं.

स्वच्छतेसाठी व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय अशी अक्षरं असतात. ती पाठ करायची गरज नाही. एवढंच समजा की शेजारशेजारच्या दोन पायऱ्यांतला फरक आपल्या डोळ्याला दिसत नाही, पण किमतीत दिसतो. आणि जो फरक डोळ्याला दिसत नाही पण पैशात मोजावा लागतो, तिथेच कुणाच्या तरी शब्दावर विसंबावं लागतं.

तो शब्द कुणाचा? आपल्यापैकी ज्या दूध घालतात त्यांना हे लगेच पटेल. संकलन केंद्रावर फॅट काढणारं यंत्र ज्याच्या ताब्यात आणि दूध विकत घेणाराही तोच, तेव्हा फॅट किती "लागते" ते आपण अनुभवलंय. यंत्र बिघडलेलंच असतं असं नाही, माणूस वाईटच असतो असंही नाही. पण पॉइंट दोनने फॅट खाली दाखवली की त्याचा फायदा होतो, आणि वर दाखवायला त्याला काहीच कारण नाही. हिऱ्यात हे उलटं चालतं. इथे विकणाराच ग्रेड देणारा असेल तर ग्रेड वर जाते. जी रंगाचा खडा एफ होतो, एसआयचा व्हीएस होतो. आपल्याला दिसणार नाही, बिलात दिसेल.

म्हणून 'स्वतंत्र' हा शब्द महत्त्वाचा. स्वतंत्र प्रयोगशाळा हिरा विकत नाही, विकत घेत नाही, तिचे पैसे तपासणीचे. जीआयए ही १९३१ पासूनची संस्था आहे. आयजीआय १९७५ मध्ये अँटवर्पला सुरू झाली, मुंबईत तिचं मोठं काम चालतं, आणि आपल्याकडच्या दुकानांत लॅबच्या हिऱ्यांसोबत बहुधा तिचाच रिपोर्ट दिसतो. एसजीएलचाही दिसतो. तपासणीची फी बहुतेक वेळा हिऱ्याचा व्यापारीच भरतो, हेही खरं. त्यामुळे 'बाहेरची प्रयोगशाळा' एवढं म्हटल्याने भागत नाही, ती काटेकोर आहे असं बाजारात नाव लागतं. २०१४ मध्ये रॅपनेट या व्यापाऱ्यांच्या ऑनलाइन बाजाराने ईजीएल नावाचे सगळे रिपोर्ट आपल्या यादीतून काढून टाकले, कारण त्यातल्या काहींत ग्रेड फार सैल हाताने दिल्या जात होत्या. कागद होता, बाहेरचा होता, शिक्का होता. पण त्या कागदावरची एक ग्रेड आणि जीआयएच्या कागदावरची तीच ग्रेड यांचे खडे शेजारी ठेवले तर जुळत नव्हते. ठरावीक पन्नास ग्रॅमच्या मापाऐवजी कुणी पंचेचाळीस ग्रॅमचं माप ठेवावं तसं.

आमच्याच एका गटातली गोष्ट सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, त्या ताईंची तशी इच्छा आहे. मुलीच्या साखरपुड्यासाठी त्यांनी गटातून ४०,००० रुपये कर्ज काढलं, घरचे काही घातले आणि जावयाला तीस सेंटच्या एका खड्याची अंगठी केली. दुकानदाराने "असली हिरा" म्हणून दिली, सोबत जाड कागदाचं सोनेरी काठाचं कार्ड. कार्डावर दुकानाचं नाव, "शंभर टक्के ओरिजिनल डायमंड", ईएफ कलर, व्हीव्हीएस. क्रमांक नाही, प्रयोगशाळेचं नाव नाही, नैसर्गिक की लॅबमधला याचा उल्लेख नाही. बिलावर दोनच शब्द : डायमंड रिंग. दोन वर्षांनी घरात आजारपण आलं आणि ती अंगठी मोडायची वेळ आली. दुसऱ्या सराफाने सोन्याचे पैसे सांगितले आणि खड्याचे शून्य. "हा लॅबचा वाटतोय, मी घेत नाही."

गटातल्या आम्ही चौघी त्या पहिल्या दुकानात गेलो. तिथे सांगितलं गेलं की कार्ड त्यांच्या 'स्वतःच्या लॅब'चं आहे. लॅब म्हणजे माडीवरची खोली आणि एक टेस्टर. शेवटी खडा बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं ठरलं. रिपोर्ट आला : लॅबमध्ये तयार केलेला, सीव्हीडी, रंग एच, स्वच्छता व्हीएस. म्हणजे हिरा होता, पण जो सांगितला तो नव्हता आणि जी ग्रेड सांगितली तीही नव्हती. दुकानदार म्हणाला, "मी नैसर्गिक कधी म्हणालो?" आणि गंमत म्हणजे लेखी असं खरंच त्याने कुठे म्हटलं नव्हतं. बरीच बोलाचाली झाल्यावर थोडे पैसे परत मिळाले. कर्जाचे हप्ते मात्र ताईंनी पूर्ण ४०,००० चेच फेडले.

या गोष्टीत कुणी कोट्यवधींचा घोटाळा केला नाही. एक शब्द गाळला, एवढंच. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचं २०१५ चं एक मानक आहे, त्यानुसार नुसता 'डायमंड' शब्द वापरला तर त्याचा अर्थ खाणीतला हिरा असाच होतो, लॅबमधल्या हिऱ्यासाठी तसं स्पष्ट लिहायलाच हवं. म्हणून दुकानात बसल्या बसल्या पहिला प्रश्न हा विचारा : "नैसर्गिक की लॅबमध्ये तयार केलेला? बिलावर तसं लिहाल ना?" सरळ माणूस लगेच हो म्हणतो. जो "अहो ताई, आमच्यावर विश्वास नाही का" म्हणतो, त्याला नम्रपणे सांगा की विश्वास आहे म्हणूनच लिहून मागतोय.

आता रिपोर्ट हातात आला तर काय बघायचं? सगळ्यात आधी क्रमांक. तो क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर टाकला की तोच रिपोर्ट पडद्यावर दिसला पाहिजे, वजन आणि मिलिमीटरमधली मापं जुळली पाहिजेत. इथे एक खबरदारी घ्या. कार्डावरचा क्यूआर कोड स्कॅन करून समाधान मानू नका, कारण कोड आपल्याला कुठल्याही पानावर नेऊ शकतो. प्रयोगशाळेचं नाव स्वतः टाइप करून तिच्या पानावर जा. घरात कॉलेजात जाणारं पोर असेल तर दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं, हिऱ्याच्या कमरेवरचा क्रमांक. हिऱ्याचा वरचा आणि खालचा भाग जिथे मिळतो त्या कडेला गर्डल म्हणतात. तिथे लेझरने रिपोर्टचा क्रमांक कोरलेला असतो, आणि लॅबच्या हिऱ्यावर तो लॅबमधला आहे हेही. आयजीआयच्या लॅब हिऱ्यांच्या क्रमांकाची सुरुवातच एलजी या अक्षरांनी होते. नुसत्या डोळ्याला हे दिसत नाही, सराफाकडून भिंग मागा आणि त्यालाच दाखवायला सांगा. दिसेपर्यंत उठू नका, लाजायचं काही कारण नाही. कोरलेला क्रमांकही खोटा असू शकतो, तशी उदाहरणं २०२१ मध्ये जीआयएने उघड केली होती : दुसऱ्याच नैसर्गिक हिऱ्याचा क्रमांक लॅबच्या हिऱ्यावर कोरलेला. म्हणूनच क्रमांकासोबत वजन आणि मापंही जुळवायची. चोराला क्रमांक कोरता येतो, पण दुसऱ्या खड्याएवढा तंतोतंत खडा जमवणं त्याला जड जातं.

तिसरं, रिपोर्टवर सीव्हीडी की एचपीएचटी हे लिहिलेलं असतं आणि खडा तयार झाल्यावर त्याला रंग सुधारायची प्रक्रिया केली आहे का, तेही. सीव्हीडीचे काही खडे तपकिरी झाक घेऊन येतात, मग त्यांना पुन्हा तापवून पांढरे करतात. त्यात वाईट काही नाही, पण आपल्याला ठाऊक असावं.

जीआयएचा रिपोर्ट असेल तर एक बदल ध्यानात घ्या. ऑक्टोबर २०२५ पासून त्यांनी लॅबच्या हिऱ्यांना डी-ई-एफ अशा ग्रेड देणं बंद करून 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' असे दोनच दर्जे ठेवले. त्यांचं म्हणणं असं की बाजारात येणाऱ्या लॅबच्या हिऱ्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त रंगाने आणि स्वच्छतेने जवळपास सारखेच असतात, मग बारीक पायऱ्या कशाला. आम्हाला हे बोलणं सूचक वाटतं. यंत्रात माल एकसारखाच निघतो, तर "आमचा हिरा खास, म्हणून दुप्पट भाव" म्हणणाऱ्याला तुम्ही निदान विचारू तरी शकता, खास म्हणजे काय?

सगळ्याच खड्यांना रिपोर्ट मागत बसू नका. नथीत किंवा कुड्यांत दोन-दोन सेंटचे दहा-वीस खडे असतात, त्यांचा एकेक रिपोर्ट कुणी करत नाही आणि त्याचा खर्च खड्यापेक्षा जास्त होईल. अशा वेळी अख्ख्या दागिन्याचा एक रिपोर्ट मिळतो, त्यात खडे हिरे आहेत का, लॅबचे का, एकूण वजन किती हे येतं. बसवलेला खडा काट्यावर ठेवता येत नाही, म्हणून ते वजन मापांवरून काढलेलं असतं, आणि कोंदणामुळे ग्रेडही ढोबळच मिळते. एकटा मोठा खडा घ्यायचा असेल, समजा वीस-पंचवीस सेंटच्या पुढे, तर बसवण्याआधी सुटा असतानाच झालेला रिपोर्ट मागावा. चमकीपुरतं म्हणाल तर हजार-दोन हजारांसाठी आम्हीही रिपोर्ट मागणार नाही. बिलावर 'लॅब' हा शब्द मात्र तिथेही मागू.

आता जे रिपोर्टमध्ये नसतं ते. त्यात किंमत नसते. चांगल्यातल्या चांगल्या प्रयोगशाळेचा कागद असला तरी हा खडा उद्या कितीला विकला जाईल, याची हमी कुणी देत नाही. दुकानात "सर्टिफाइड आहे, इन्व्हेस्टमेंट समजा" असं म्हणतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एका दोरीत ओवतात. लॅबच्या हिऱ्याचे भाव उत्पादन वाढत गेलं तसे घसरत आलेत. डी बिअर्स ही खाणीतल्या हिऱ्यांची जगातली बडी कंपनी, तिने २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने लॅबच्या हिऱ्यांचे दागिने काढले, भाव ठेवला कॅरटला ८०० डॉलर. तेव्हा तो बाजारापेक्षा खूपच स्वस्त म्हणून चर्चा झाली. २०२५ मध्ये तो धंदाच गुंडाळत असल्याचं कंपनीने जाहीर केलं. ज्या वस्तूचा भाव असा खाली येतो, ती हौसेला घ्यावी. अडीनडीला उपयोगी पडेल म्हणून घेऊ नये.

आपल्या घरांत दागिना हौसेचा कमी आणि अडीनडीचा जास्त असतो, म्हणून हे जरा ठासून सांगतो. सोनेतारण कर्ज देताना बँक किंवा वित्तसंस्था फक्त सोन्याची किंमत धरते, रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे. खडे, मोती, मजुरी यातलं काही धरत नाहीत, मग तो हिरा खाणीतला असला तरी. तेव्हा हिऱ्याच्या दागिन्यासाठी कर्ज काढताना मनाशी दोन रकाने करा : सोन्याला किती गेले आणि खड्याला व मजुरीला किती. दुसऱ्या रकान्यातला पैसा परत येणार नाही असं धरूनच त्याला हात लावा. आमच्या दोन गटांनी आता कर्जाच्या अर्जासोबत दागिन्याचं कोटेशन मागायला सुरुवात केली आहे, त्यात हे दोन रकाने वेगळे लागतात. अर्ज नाकारायला नाही, पण बैठकीत सगळ्यांसमोर ते आकडे वाचले की बाईच पुन्हा विचार करते. मागच्या हंगामात दोघींनी खडा लहान केला आणि सोनं वाढवलं.

परत घेण्याबद्दलही लेखी घ्या. काही दुकानं लॅबच्या हिऱ्यावर बदलून घेण्याची किंवा परत घेण्याची टक्केवारी सांगतात. टक्के कशाचे, बिलाच्या रकमेचे की त्या दिवशीच्या भावाचे? पैसे हातात मिळणार की दुसरा दागिना घ्यावा लागणार? हे दोन प्रश्न विचारले की तोंडी ऐंशी टक्के पुष्कळदा कागदावर वेगळेच उतरतात.

बिल म्हणाल तर त्यावर एवढं हवं : सोन्याचं निव्वळ वजन, म्हणजे खडा वगळून, सोन्याची शुद्धता, खड्याचं वजन कॅरटमध्ये, वेगळं, 'लॅबमध्ये तयार केलेला हिरा' हे शब्द, प्रयोगशाळेचं नाव आणि रिपोर्टचा क्रमांक, मजुरी. निव्वळ वजनाचा आग्रह का, तर एक कॅरट खडा ०.२ ग्रॅम भरतो. तो सोन्याच्या वजनात धरला तर खड्याचे पैसे एकदा खडा म्हणून आणि एकदा सोनं म्हणून, असे दोनदा जातात. लहान दिसतं, पण आपण मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी याहून जास्त भांडतो.

एवढं करूनही फसगत झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्ह्यातच चालते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची. पण आयोगासमोर बोलायचं ते कागदानेच. बिल, रिपोर्ट, पैसे दिल्याचा पुरावा. यूपीआयने पैसे दिले तर तो पुरावा आपोआप राहतो, म्हणून "रोख दिलेत तर जीएसटी वाचेल" या आमिषाला पडू नका. तिथे जीएसटीबरोबर आपला दावाही वाचतो, दुकानदाराचा!

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे खड्याचे दागिने आणि कार्डं आहेत त्यांनी ती कार्डं घेऊन या, दागिने आणू नका. कार्डावर प्रयोगशाळेचा क्रमांक असेल तर गटाच्या मोबाइलवर आपण एकेक करून तपासू. ज्या कार्डावर क्रमांकच नसेल, त्या दुकानात कोण कोण जाणार ते तिथेच ठरवू.